कौतुकाखालच्या एकोणचाळीस ओळी

शेवटी साहेबांना उत्कृष्ट सेवेची ढाल मिळाली. पण ते असो. असं काही घडलेलंच नाही असं धरून चालू या. कारण आत्ता साहेब प्रोग्रामरच्या खुर्चीमागे उभे राहून तिच्या पडद्यावर बोटाचा तेलकट ठसा उमटवत होते.

“हा ‘तक्रारी’ मथळा दिसायला नको. तीन वाजता संचालक ॲप बघणारेत.”

ॲप लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं. यादीत विभाग दोन: वर ‘कौतुक’, त्यात दोन ओळी, खाली ‘तक्रारी’, त्यात एकोणचाळीस. पहिली तक्रार तिच्या मावशीची. मावशी सहाव्या मजल्यावर, गुडघे संपावर, लिफ्ट बंद. चार महिन्यांत ती खाली उतरली नव्हती. संचालकांची नजर त्या ओळीवर पडेल, एवढीच प्रोग्रामरची आशा.

“मथळा लपवला तरी ओळी राहतील, साहेब. वरच्या विभागातल्या वाटतील.”

“ओळींना हात लावायला मी सांगितलं का?”

“मग त्याही काढू?”

“छे! तो खोटेपणा झाला. आपली कंपनी प्रामाणिक आहे.”

अकलेच्या या कांद्याला किती सोलणार? तिने मथळ्याची उंची शून्य करून तो दिसेनासा केला. ओळी तरी राहिल्या. माणूस वाचतो, असा तिचा भाबडा समज होता.

तीन वाजता संचालकांनी यादी वर सरकवली. ‘कौतुक’ हा मथळा पडद्याच्या माथ्याला गोचिडासारखा चिकटून राहिला आणि त्याच्याखालून ‘दार उघडत नाही’, ‘वडील दीड तास अडकले’ वगैरे मुकाट सरकत गेलं.

“किती आहेत?”

“एकूण एक्केचाळीस,” साहेब अगदी प्रामाणिकपणे म्हणाले.

“एवढं कौतुक! वाचायला चष्मा नाही आणला, पण मथळा झकास ठळक आहे.”

प्रोग्रामरने तोंड उघडलं. साहेबांनी त्यात बिस्किट कोंबावं तशी बशी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला.

“अगं, तुमचा मेकॅनिक म्हणतो, माझी तक्रार नाहीच, कौतुक आहे. आणि कौतुकाला माणूस पाठवत नाहीत!”

“मग?”

“साहेबांना अर्ज करा म्हणे. मी सांगते, तू घे लिहून.”

प्रोग्रामरने लिहून घेतलं:

‘महोदय, मी केलेले कौतुक कृपया रद्द करून त्याची तक्रार म्हणून रीतसर नोंद व्हावी. मला कार्यालयात हजर राहणे शक्य नसल्याने आपण समक्ष पाहणीस यावे, ही नम्र विनंती. जिना उजव्या हाताला आहे.’