खडकाला साहेबांचं नाव

किनारा-नकाशा खात्याच्या प्रमुख बाईंनी एका माणसावर डूख धरला होता. तो त्यांनी नोकरीभर एखाद्या महागड्या उपकरणासारखा जपला होता. कोरडा, झाकलेला, वेळोवेळी पुसलेला.

खात्यात नव्या असताना त्या बंदराच्या तोंडाशी पाण्याची खोली मोजायला गेल्या होत्या. यंत्राच्या कागदावर तळाची रेघ एके ठिकाणी एकदम उसळली. पाण्याखाली खडक होता. त्यांनी तिथल्या तिथे मोठ्या साहेबांना सांगितलं. "मासे असतील," साहेब म्हणाले आणि बोट पुढे काढली. बंदराला नकाशा घाईने हवा होता. वर्षभराने त्याच खडकावर मालवाहू जहाज फुटलं, खलाशी बुडाले. चौकशीत साहेबांनी हात वर केले: पोरीने मला काही सांगितलंच नाही. बाईंची एका बेटावर भरती-ओहोटी मोजायला बदली झाली आणि उमेदीची वर्षं तिथल्या दमट खोलीत गेली.

आता साहेब निवृत्त झाले होते, बाई त्यांच्याच खुर्चीत होत्या आणि खडक अजून बिननावाचा होता. पाण्याखालच्या धोक्याला तो शोधणाऱ्याचं नाव द्यायचं, ही खात्याची रीत.

"मग तुझं लाव की," नवरा चहा गाळत म्हणाला.

"साहेबांचं लावणार आहे."

"त्या माणसाचं? डोकं फिरलंय का तुझं?"

"त्यांना नावाची भारी हौस आहे."

नाव ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीला साहेब केस रंगवून आले. "बस, बस," ते बाईंनाच म्हणाले. समोर खात्याचे वकील बसले होते.

"साहेब, शोध कसा लागला ते समितीला सांगावं लागतं," बाई म्हणाल्या.

साहेब खुलले. "अगं, तू होतीस की बोटीवर. रेघ उसळली तशी मी म्हटलं, थांबवा. तुम्हा पोरांना वाटलं मासे. मी म्हटलं, बाळांनो, मासा एवढा टोकदार नसतो."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं."

"बघताक्षणी."

"आणि जहाज फुटलं ते?"

"ते पुढच्या वर्षी," साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

वकिलांनी चष्मा काढला. "खडक माहीत होता, तरी नकाशावर घातला नाहीत?"

"तसं नव्हे हो. वय झालं, गोंधळ होतो. खरं म्हणजे हिनेच शोधला. मला सांगितलंही होतं. हिचंच नाव द्या."

हे ऐकायला बाईंचे कान वर्षानुवर्षं आसुसले होते. ऐकलं, तर त्यांना ते पुरलं नाही.

"नको साहेब. शोध तुम्ही आत्ताच सगळ्यांसमोर सांगितलात, तुमचंच राहू दे. बंदरात शिरताना प्रत्येक कप्तान तुमचं नाव घेईल. वर शिवी घालेल ते वेगळं."

"चौकशी पुन्हा उघडावी लागेल," वकील म्हणाले.

"उघडा. पहिली साक्ष माझी घ्या."

"पोरी, किती मनात ठेवशील?" साहेबांचा आवाज बसला होता.

बाईंनी छपाईला जाणारा नकाशा पुढे ओढला, खडकाशेजारी साहेबांचं आडनाव ठळक लिहिलं, खाली सही केली. मग शिपायाला बोलावून साहेबांसाठी पाणी मागवलं.