फेसातली सभा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक अरुंद सलून डोळ्यांसमोर आणा. भिंतभर आरसा, त्याच्यापुढे दोन खुर्च्या, मागे बाक आणि बाकावर नंबर लावून बसलेली चार माणसं. डाव्या खुर्चीवर नगराध्यक्ष, उजव्या खुर्चीवर विरोधी गटाचे पुढारी. एकाची दाढी भिंगरीचे बाबा करताहेत, दुसऱ्याची तिचा काका. दिसलं? आता डोळे उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

भिंगरी दप्तर घेऊन दारात उभी होती. तिची शाळा ओढ्यापलीकडे. ओढ्यावरचा लाकडी पूल मोडल्यापासून लांबून वळसा घालून जायचं आणि पहिला तास वर्गाबाहेर उभं राहायचं, हे रोजचं झालं होतं. त्यातून पहिला तास गणिताचा, म्हणजे तिचा सगळ्यांत लाडका!

पुलासाठी ती दोघांच्याही घरी जाऊन आली होती. “माझी कसली हरकत, बाळ? तेच आडवे येतात,” असं अध्यक्ष म्हणाले. पुढारीही शब्द न् शब्द तेच म्हणाले. रस्त्यात भेटले की मात्र दोघं असे गळ्यात पडत, जणू जत्रेत हरवलेले सख्खे भाऊच.

आज दोघांच्या ओठांपर्यंत फेस होता आणि गळ्यावर वस्तरा. भिंगरीने दप्तरातून अर्ज काढला.

“ओढ्यावर ताबडतोब पूल बांधावा,” तिने खणखणीत आवाजात वाचलं. “ज्यांची हरकत असेल त्यांनी मान हलवावी.”

अध्यक्षांचे डोळे गरगरले. पुढाऱ्यांच्या भुवया कपाळात गेल्या. माना मात्र जागच्या जागी.

“हलू नका हं साहेब,” बाबा म्हणाले. “धार आजच लावलीय.”

“नाही हलली!” बाकावरचे आजोबा ओरडले. “दोघांचीही नाही! मंजूर!”

वस्तरे बाजूला झाले तशी दोघांना वाचा फुटली.

“अगं, माझी हरकत नव्हतीच मुळी!” अध्यक्ष म्हणाले.

“माझी तर त्यांच्याही आधीपासून नव्हती!” पुढारी म्हणाले.

“मग करा सह्या.”

अध्यक्षांनी रुबाबात पेन काढलं. “माझी सही सगळ्यांत वर. पद आहे आपलं.”

“वर?” पुढारी ताठ झाले. “वयाने मोठा मी. तुमच्या पायाशी सही करू होय?”

अध्यक्षांनी पेन खिशात घातलं. पुढाऱ्यांनी तोंड फिरवलं. बाकावरच्या आजोबांनी कपाळावर हात मारला.

भिंगरीने कागद दोन खुर्च्यांच्या मधल्या फळीवर ठेवला. आजोबांचं पेन मागून घेतलं आणि पुढाऱ्यांच्या हातात दिलं.

“वरची जागा एकच आहे,” ती म्हणाली. “मी तीन म्हणेन. जो आधी करेल त्याची सही वर.”

“अगं कार्टे, भांडणं लावतेस काय?” काका कुजबुजला.

“काका, भांडण आधीचंच आहे. एक... दोन...”

अध्यक्षांचं पेन केव्हाच खिशातून बाहेर आलं होतं. दोनवरच दोन्ही पेनं कागदावर आदळली. सह्या एकमेकींच्या अंगावर चढल्या, कुणाची वर ते देवालाही सांगता आलं नसतं. भिंगरीने तीन म्हटलंच नाही. तिने कागद खसकन ओढला, शाईवर फुंकर मारली आणि नगरपालिकेकडे धूम ठोकली.