अभ्यासाच्या मसलतीचा पुलाव

माझ्या धाकट्या भावाला, होशिमला, पुलावाशिवाय काही सुरूच करता येत नाही. लग्न ठरलं की आमच्या कोकंदमध्ये मसलतीचा पुलाव होतो. वडीलधारे जमतात, जेवतात आणि कोणी काय करायचं ते वाटून घेतात. ते ठीक आहे, लग्नात कामं असतात. पण पोरीनं कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास कसा करायचा हे ठरवायला चुलीवर पुलावाची देग चढवणारा माणूस अख्ख्या फर्गाना खोऱ्यात हाच एक.

पोरगी म्हणजे मुअत्तर, माझी भाची. सातवीपासून तिच्या डोक्यात वकिली आहे. होशिमनं तिला सांगून ठेवलंय, संधी एकच. जुलैत पास झाली तर तश्कंद, नाही तर रिश्तोनची मंडळी मागणी घालून बसलीच आहेत, शरदात लग्न. नवरोझ होऊन आठवडा झाला होता. हातात साडेतीन महिने, आणि त्यातला एक रविवार हे शहाणे पुलाव चापत घालवणार होते.

भावजय थोरल्या मुलीच्या बाळंतपणाला अंदिजानला गेलेली. त्यामुळे गाजरं कोणी चिरली? मुअत्तरनं. कांदा, तांदूळ, जेवणासाठी अंथरायचं दस्तरखान, चहा? मुअत्तरनं. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, अक्षर बरं आहे, म्हणून ठरेल ते लिहायची वही माझ्याकडे दिली होती. वही हातात आली की काम करावं लागत नाही, हे मीही शिकलेय.

सकाळी आठला दहाबारा जणांची बैठक बसली. मधोमध नबीबाबा, मोहल्ल्यातले सगळ्यात वडील. उजवीकडे मुअत्तरचे मामा, एर्गाश, वाहतूक पोलिसातून मेजर म्हणून निवृत्त झालेले. कायद्याशी आपला संबंध आहे असं त्यांना वाटतं, कारण पंचवीस वर्षं ते चौकात शिट्टी वाजवत होते.

"पहाटे चारला उठवायची," मामांनी सुरुवात केली. "अंगणात वीस फेऱ्या. राज्यघटना चालता चालता पाठ करायची. बसून पाठ केलेलं विसरतं."

"तुम्ही काय पाठ केलं होतंत, मामा?" मी विचारलं.

"लिही तू," ते म्हणाले.

मी लिहिलं. मग होशिमनं दोन शिकवण्या ठरवल्याचं जाहीर केलं. इंग्रजीवाला मंगळवारी तीनला आणि इतिहासवाला पण मंगळवारी तीनला.

"अरे, दोघं एकदम?"

"ओपा," होशिम मला, थोरल्या बहिणीला, म्हणाला, "तू नेहमी खोट काढतेस. अर्धा अर्धा तास वाटून घेतील की!"

मेंदूसाठी रोज सात अक्रोड, आठ नकोत, उष्ण पडतात. फोन काढून घ्यायचा. परीक्षेला निळा पोशाख. मग गाडी कोणाची न्यायची यावर पाऊण तास गेला, कारण मामांची पांढरी गाडी नवी आणि होशिमच्या गाडीचा पायगुण चांगला. परीक्षा होईपर्यंत फाटकाबाहेर कोण थांबणार? सात जणांनी नावं दिली. त्या सातांच्या सावलीची, खरबुजांची आणि बसायच्या गाद्यांची वेगळी व्यवस्था झाली. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि त्यावर ढेकर मात्र खरा.

मध्ये मध्ये एकच आरोळी. "मुअत्तर, चहा!" आमच्याकडे पाहुण्याला मान म्हणून पियाल्यात घोटभरच ओततात, म्हणजे ओतणारीला बसायची सोय नाही. मीही तिला दोनदा हाक मारली. एकदा चष्म्यासाठी, एकदा पेन चालेना म्हणून.

मामांना मीठ कमी लागलं. मुअत्तर किटली भरत होती म्हणून मीच उठून आत गेले. चुलीशेजारच्या खिडकीत तिचं पुस्तक उघडं होतं. पानावर गाजराची सालं. सकाळी सातला मी आले तेव्हाही तेच पान होतं. मला लाज वाटली. बाहेरच्यांना मनातल्या मनात शिव्या घालत मी चार तास गादीवर बसले होते, आणि हे पान उलटू न देण्यात माझाही हात होता.

मी परत आले तेव्हा अकरा कलमं झाली होती. नबीबाबांनी पियाला पुढे केला आणि पोरीकडे पाहिलं.

"पोरी, तू काहीच बोलली नाहीस. तुला काय हवं?"

हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आलाच नव्हता.

"सकाळी दहा ते एक मला कोणी हाक मारू नका," मुअत्तर म्हणाली. "बाकी काही नको. अक्रोडही नकोत."

मामा हसले. "हे काय कलम झालं?"

"घरात दुसरं बाईमाणूस नाही," होशिम म्हणाला. "येणाऱ्या-जाणाऱ्याचं कोण बघणार? तुझी आई बाळाचे चाळीस दिवस झाले की येईल. मग बघू."

मग बघू! अक्रोड आजपासून, पहाटेच्या फेऱ्या उद्यापासून, आणि अभ्यास मग बघू. मुअत्तरनं मान खाली घातली आणि मामांच्या पियाल्यात घोटभर चहा ओतला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वाच गं मस्तुरा," नबीबाबा म्हणाले. "दुवा करू, मला झोप येतेय."

मी भराभर वाचलं. अकरावं खरबुजांचं कलम संपलं तरी थांबले नाही. "बारावं, दहा ते एक दार, चहा आणि पाहुणे, होशिम. तेरावं, त्या वेळातली भांडी, एर्गाशमामा. चौदावं, रोजचा स्वयंपाक, मस्तुरा." वही मिटली.

नबीबाबांनी तळवे वर केले. सगळ्यांनी केले. "आमीन." सगळ्यांचे हात चेहऱ्यावरून खाली आले. होशिमचे मात्र गालांवरच अडकले.

"ओपा, हे कधी ठरलं?"

"आत्ता. तू आमीन म्हणालास."

"मी मेजर आहे!" मामा ओरडले. "मी भांडी..."

"आमीन झालं," नबीबाबा म्हणाले. वडीलधाऱ्यांच्या दुव्यानंतर आमच्याकडे ठरलेली सोयरीकसुद्धा मोडत नाहीत, तर भांडी काय चीज! म्हाताऱ्याला खरंच झोप आली होती की नाही, देव जाणे.

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. मुअत्तरनं किटली बापापुढे ठेवली, खिडकीतलं पुस्तक झटकलं, खोलीत गेली आणि आतून कडी घातली.

मामांनी रिकामा पियाला पुढे केला. होशिमनं सवयीनं हाक मारली, "मुअत्तर, चहा!"

दार उघडलं नाही. मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि त्यानं किटली उचलली.