लग्नाचा जोड

निळ्या चिकटपट्टीचा तुकडा गालिच्याच्या लवेला काही केल्या धरत नव्हता, एक टोक दाबलं की दुसरं उठायचं, आणि अर्लीनने तो अंगठ्याखाली असा दाबून धरला होता की नख पांढरं पडलं... इथे. इथेच वाजतं. ती उभी राहिली, टाच टेकली – कर्र! थोडी मागे सरली – काही नाही. पुन्हा पुढे – कर्र! सकाळपासून जिथे जिथे वाजलं तिथे तिथे तिने पट्टी लावली होती, आणि आता भिंतीला पाठ लावून पाहिलं तर सगळ्या पट्ट्या एका ओळीत, घराच्या बरोबर मधोमध, पुढच्या दारापासून मागच्या खिडकीपर्यंत. वजनाने वाजत असतं तर जिथे पाय पडेल तिथे वाजलं असतं. माझ्या वजनाला अशी सरळ रेघ मारता येते होय?

वजन... न्याहारीला शेजारचा डेल्मर आला होता. ती रस्सा आणायला उठली, जमीन वाजली, आणि हॉइट, तिचा नवरा, पाव मोडता मोडता म्हणाला, "डेल्मर, आमच्याकडे भूकंप मोजायला यंत्र लागत नाही बघ. ही पाणी प्यायला उठली की ओक्लाहोमाभर कळतं." डेल्मर हसला. तोंडात तिनेच भाजलेला पाव, त्यावर तिचाच रस्सा, आणि हसला! मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "गंमत हां, अर्लीनबाई," आणि बशी पुसून घेतली. तिने शेगडी बंद केली. का बंद केली? रस्सा तर उकळायचा होता. अख्ख्या सकाळीत तिला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर त्या आपल्या मुकाट्याने शेगडी बंद करण्याचा.

आणि हे काही आजचं नव्हतं. जमीन कुरकुरायला लागल्यापासून त्याने ते तिच्याच पायांच्या नावावर मांडलं होतं. मागच्या आठवड्यात तिने गालिचा उचलून, कुरकुर थांबावी म्हणून, फटीत टाल्कम पावडर ओतली, तेव्हा खुर्चीतून हॉइटचा आवाज आला, "पावडर जमिनीला कशाला? जिला गरज आहे तिला लाव." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात... इथे अंगण खरोखरच वाकडं, आणि बोल मात्र नाचणारीला!

तिने त्या पट्ट्यांच्या ओळीकडे पुन्हा पाहिलं आणि मग तिला उमगलं. जोड. लग्नाचा जोड.

कारखान्यात बांधलेलं हे घर आलं ते दोन ट्रकांवरून, दोन अर्धी होऊन – उघड्या बाजूंवर प्लॅस्टिक फडफडत, आतली स्वयंपाकघराची फडताळं हायवेभर दाखवत. हॉइट म्हणाला होता, आपलं घर सत्तरच्या वेगाने येतंय बघ. माणसांनी दोन्ही अर्धी ठोकळ्यांवर बसवली, साखळ्यांनी जवळ ओढली, फट हाताएवढी, मग बोटाएवढी, मग नाही... आणि त्यांचा म्होरक्या ओरडला, "लग्न लागलं!" या धंद्यात त्या सांध्याला म्हणतातच लग्नाचा जोड. हॉइटने तिथेच, त्या सगळ्या घामट पोरांसमोर, तिचा मुका घेतला. दोन हातांत उचललीही होती. उचलली होती! तेव्हा काही वाजलं नव्हतं.

मग हळूहळू एक अर्धं त्याचं झालं, एक तिचं. त्याच्या अर्ध्यात टीव्ही, आरामखुर्ची, हरणाच्या मांसाने भरलेला तो पांढरा फ्रीझर. तिच्यात ओटा, शिलाई मशीन, आणि त्याच्या घोरण्यापासून पळून ती झोपायला गेली ती लहान खोली. भांडण झालं असं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान कोणी काय म्हटलं ते आठवलं तरी असतं...

तिने हॉइटची जुनी पँट चढवली, बॅटरी, पाण्याची पारदर्शक नळी, जॅक, हातोडा आणि थोड्या लाकडी पाचरी घेतल्या आणि घराभोवतीचा पत्रा बाजूला करून पोटावर सरपटत घराखाली गेली. तांबडी माती यंदाच्या उन्हाने भेगाळली होती. नळीत पाणी भरून तिने एक टोक आपल्या बाजूच्या तुळईला धरलं, दुसरं त्याच्या बाजूच्या तुळईला बांधलं. पाणी खोटं बोलत नाही, दोन्ही टोकांना एकाच पातळीत उभं राहतं. तिची बाजू होती तिथेच होती. त्याची बाजू खाली बसली होती, चांगली अंगठाभर, आणि नेमकी कुठे, तर फ्रीझरखाली. खांबावरच्या लाकडी पाचरी चेपून सैल झाल्या होत्या, बोटाने हलत होत्या. म्हणजे त्याचं अर्धं खाली खचतंय, माझ्या अर्ध्याला घासतंय, आणि किंचाळतंय – आणि नाव माझं! चोर तो चोर, वर शिरजोर!

"हॉइट!" तिने खालून घराच्या फळ्यांवर ठोकलं. "ऊठ, आणि स्वयंपाकघरापर्यंत चालत जा."

"कशाला?"

"मी सांगते म्हणून."

खुर्ची कुरकुरली, पावलं आली, आणि बरोबर तिच्या डोक्यावर – कर्र! तिच्या डोळ्यांत धूळ पडली.

"आत्ता कोण चाललं?" ती ओरडली.

"मीच. दुसरं कोण आहे घरात?"

"मग वाजलं कोणामुळे?"

मग हॉइटचा आवाज, अगदी गंभीर, "तू खालून ढकलत असशील."

तिला हसू आलं असतं. एके काळी ती हसत हसत बाहेर आली असती, कोपरावर माती घेऊन. आता तिने ओठ आवळून जॅक तुळईखाली लावला आणि दांडा दाबत राहिली, दर दाबाला एकच विचार, वर जा, वर जा म्हणते ना... घर कण्हलं, कुठेतरी एक खिळा टणकन वाजला, आणि नळीतलं पाणी दोन्ही तुळयांना सारखं लागलं. तिने नव्या पाचरी ठोकल्या. इतक्या जोरात की हातोडा एकदा बोटावर बसला.

बाहेर येऊन हातपाय धुतले तरी नखांत तांबडी माती राहिलीच. आता सांगायचं. सगळं सांगायचं – पाणी, पाचरी, तुझा फ्रीझर, तुझी बाजू. डेल्मरलाही बोलावून सांगायचं. वाक्यं तयार होती, ओळीने उभी होती. ती दारातून आली आणि जोडावरून पलीकडे गेली. जमीन गप्प. परत आली. गप्प.

हॉइटने टीव्हीवरून मान वळवली.

"बघ," तो म्हणाला, अगदी मनापासून, प्रेमाने म्हणावं तसं, "जरा हळू चाललं की वाजत नाही."

तयार वाक्यं कुठल्या कुठे गेली. कारण दाखवायचं काय? खचलेली बाजू तिनेच उचलली होती, सैल पाचरी तिनेच फेकल्या होत्या. तिच्या बाजूने साक्ष देणारं एकच होतं या घरात, ती कर्र, आणि तिचं तोंड तिने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. सकाळी शेगडी बंद केली तसंच.

ती ओट्याकडे निघाली. घेवडा शिजत घालायचा होता. अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं की आपल्या टाचा वर आहेत. आपण चवड्यांवर चाललो आहोत... कधीपासून? आजपासून? की या उन्हाळ्याआधीपासूनच, आपल्याच घरात, चोरासारखी? रागाने तिचे कान तापले.

ती वळली. जोडावर, त्या निळ्या पट्ट्यांमध्ये येऊन उभी राहिली आणि टाच उचलून सगळं अंग, जेवढं होतं तेवढं, घाडकन खाली सोडलं. फडताळातल्या बश्या किणकिणल्या. हॉइटने टीव्हीचा आवाज कमी केला. जमीन मात्र काही बोलली नाही, आणि ती दुसरी टाच उचलून तशीच उभी राहिली, ऐकत.