सत्तावीस मीटर

दुपारच्या जेवणानंतर भिंगरी सहाव्यांदा संडासाकडे पळाली, तेव्हा तिच्या आईने मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि कान दिला. कडी लागली. नळ सुटला. कडी निघाली. सहाही वेळा एवढंच.

"पोटात काही गेलं असेल तर बाहेर येईल ना गं," आई म्हणाली. "सकाळपासून अर्धं केळं खाल्लंयस."

"आई, गप बस ना."

"बसलेच आहे. शाळेचे चाळीस स्कर्ट उभ्याने कोण शिवतं?"

घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. रस्त्याकडे तोंड करून मशीन, मागे कापायचं टेबल, त्याच्यामागे पडदा आणि पडद्यामागे सगळा संसार. गिऱ्हाइकं आईला टेलरबाई म्हणत, आणि आता तीही स्वतःला मनातल्या मनात तेच म्हणायची. टेलरबाई, दोरा ओव. टेलरबाई, रडू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सैन्यभरतीची शारीरिक चाचणी होती. आधी सोळाशे मीटर धावायचं, मैदानाच्या चार फेऱ्या, आठ मिनिटांच्या आत. मग लांब उडी, मग उंच उडी. धावण्यात जी राहिली तिला उडीच्या वाळूपर्यंतही जाऊ देत नसत. आणि पुढच्या भरतीपर्यंत भिंगरीचं वय उलटणार होतं. ही शेवटचीच.

गेल्या वर्षी काय झालं ते घरात कोणी बोलत नसे. शिट्टी वाजली आणि भिंगरी मागे वाघ लागल्यासारखी सुटली. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे. तिसऱ्या फेरीत दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून मैदानाच्या कडेला उभी. पाय चांगले होते, दम चांगला होता. घात केला तो भीतीने. म्हणून या वर्षी तिने एकच गोष्ट घोटली होती: सावकाश सुटायचं, चारी फेऱ्या एकसारख्या. तीन महिने रोज पहाटे, शाळेमागच्या मैदानात, हातात घड्याळ घेतलेल्या बापासमोर. आता तिची वेळ ठरल्यासारखी यायची, सात मिनिटं चोपन्न सेकंद. सहा सेकंद शिल्लक.

चारच्या सुमाराला वडील बसची फेरी संपवून आले. चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "झोपली का थोडी?"

"झोप? कालपासून तीन वेळा बूट धुतलेत. कागदांची फाइल एवढ्यांदा उघडलीय की क्लिप ढिली पडली. आता ट्रॅकपँट कमरेत सैल होतेय म्हणतेय. होणारच, खायचं नाही तर!" टेलरबाईने गळ्यातली टेप काढली. "ये गं इकडे, दोन टाके घालून देते."

"ही टेप नको," वडील एकदम म्हणाले आणि खिळ्याला टांगलेली जुनी पिवळी टेप काढून त्यांनी पुढे धरली. "हिने मोज. हिनेच पोरीचं मैदान मोजलंय मी. शुभ आहे."

टेलरबाईने टेप हातात घेतली. तिचा अंगठा टेपेच्या टोकावर जाऊन थांबला.

"हिने मोजलंत?"

"तर! बसच्या टपावरची दोरी घेतली. दहा टेपा म्हणजे पंधरा मीटर. अशी दोरी मोजली आणि दोरी टाकत टाकत चारशे मीटरची फेरी आखली. डोकं लागतं."

या टेपेचं पितळी टोक दोन वर्षांपूर्वी तुटलं होतं. कड उसवायला लागली, तेव्हा टेलरबाईने कात्री घेऊन पहिला इंच सरळ कापून टाकला होता. तिचं काही अडलं नाही. या टेपेने माप घेतलं की एक इंच वजा, हे तिच्या बोटांनाच पाठ होतं; डोक्याला विचारावं लागत नसे. पण ते फक्त तिच्या बोटांना. टेप धुवट झालेली, आकडे पुसट, आणि नवरा आकडे बघतच नव्हता. तो नुसत्या अख्ख्या टेपा मोजत गेला होता. एक, दोन, तीन.

पडद्यामागे भिंगरी पाणी पीत होती. टेलरबाईने कापडावर खुणा करायच्या खडूने टेबलावर हिशोब मांडला, पुसला, परत मांडला. उत्तर बदलेना: टेपेमागे एक इंच कमी, आणि चार फेऱ्यांत हजारावर टेपा. पोरगी तीन महिने सोळाशे नव्हे, सत्तावीस मीटर कमी धावत होती. सत्तावीस मीटर म्हणजे तिच्या चालीने आठ सेकंद. म्हणजे सात चोपन्न नव्हे, आठ मिनिटं दोन सेकंद.

सांगावं, तर पोरगी उद्या गेल्या वर्षीसारखी सुटणार आणि तिसऱ्या फेरीत बसणार. न सांगावं, तर ती शिकवल्याप्रमाणे शहाण्यासारखी धावणार आणि दोन सेकंदांनी, अगदी शहाण्यासारखी, नापास होणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मशीनवर बसून टेलरबाईने एका स्कर्टची बाजू शिवली, उलटी शिवली, उसवली. पायांना चैन नव्हतं. मशीन नुसतंच फिरत राहिलं आणि दोरा संपलेला तिला कळलाही नाही.

"आई, सुईत दोरा नाहीये," भिंगरी म्हणाली.

मग टेलरबाईने सांगितलं.

आधी भिंगरी हसली. मग तिने टेप हातात घेऊन टोक पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा! तीन महिने! आकडे बघायचे होतेत ना!"

"मला काय स्वप्न पडलं होतं? लोक कपडे अल्टर करतात, तुझी आई टेप अल्टर करते!"

"माझ्यावर ढकलू नका," टेलरबाई कडाडली. "माझं हत्यार न विचारता उचललंत कशाला? मी कधी तुमचं स्टिअरिंग नेलंय भाजी आणायला?"

भिंगरी कापायच्या टेबलावर चढून बसली, गुडघे छातीशी घेऊन. तिचा डावा पाय एकसारखा हलत होता, आणि टेबलावरची कात्री त्याबरोबर किणकिणत होती. तिला आता संडासाला जायचंही सुचत नव्हतं.

"मी जातच नाही उद्या," ती म्हणाली.

वडिलांनी दारात जाऊन रस्ता पाहिला, रस्त्यात बघण्यासारखं काहीच नसताना.

"कापड कमी पडलं तर मी काय करते?" टेलरबाई म्हणाली.

"गिऱ्हाइकाला फोन करून ओरडतेस."

"त्याच्यानंतर."

भिंगरीचा पाय हलायचा थांबला.

"एकाच शिवणीतून सगळं काढत नाही. काढलं तर कपडा तिथेच फाटतो. चारी शिवणींतून सूत-सूत घेते. तुला दोन सेकंद कमी पडतात ना? चार फेऱ्या आहेत. फेरीला एक सेकंद काढ. दोन भरून निघतात, दोन वर उरतात. पहिल्याच फेरीत चार काढायला गेलीस तर उसवशील."

"एक सेकंद म्हणजे किती, ते पायांना कसं कळणार?"

ते बोलून कळणार नव्हतं. म्हणून तिघं उठली आणि शाळेमागे गेली.

ऊन कलायच्या आत नव्या टेपेने दोरी परत मोजली. या वेळी टेपेचं एक टोक टेलरबाईने धरलं, दुसरं नवऱ्याने, आणि दोघंही मोठ्याने मोजत होती, एकमेकांवर विश्वास नसल्यासारखी. फेरी आखून झाली. पाय दमायला नकोत, म्हणून एकच फेरी धावायची असं ठरलं. साधारण एक मिनिट एकोणसाठला यायचं होतं. भिंगरी सुटली, वळली, आली. वडिलांनी घड्याळ पाहिलं आणि टेलरबाईकडे पाहिलं.

"किती?" भिंगरीने विचारलं.

"बावन्न."

सात सेकंद लवकर. गेल्या वर्षीची सुरुवात, तंतोतंत.

"परत धावते," भिंगरी म्हणाली. "आई, एकदाच. मला पकडता येईल."

"नाही. एक म्हणजे एकच. चालत घरी."

घरी येईपर्यंत भिंगरी सारखी पुढे जायची, थांबायची, मागे यायची. टेलरबाईला वाटलं, तिचा दंड धरून ठेवावा. पण असं धरून चालवत मैदानापर्यंत नेता येतं, मैदानात नाही.

सकाळी फाटकाशी शेकडो मुली होत्या. भिंगरी तिसऱ्या तुकडीत. तिच्या पोटावर नंबराचं कापड बांधताना टेलरबाईच्याच बोटांना गाठ जमेना. जन्मभर गाठी मारून ही दशा. मुली आत गेल्या आणि फाटक लागलं. आतलं काही दिसत नव्हतं. शेजारी एक छोटं दार होतं. धावण्यात राहिलेल्या मुलींना त्या दारातून सोडायचे. पास झालेल्या आतच, उडीला. म्हणजे दार उघडलं की आया पुढे सरसावायच्या, आणि प्रत्येकीच्या मनात एकच, माझी नको, माझी नको. आपलं लेकरू येऊ नये म्हणून टेलरबाई आयुष्यात पहिल्यांदाच देवाला हात जोडत होती.

फोन वाजला. "आली का?"

"नाही. आणि गाडी चालवताना फोन करू नका!"

"गाडी उभी आहे गं. माझंच इंजिन चालू आहे. नाही आली म्हणजे चांगलं ना?"

"तिसरीची शिट्टी आत्ताच झालीय. ठेवा."

नऊ मिनिटं गेली, मग बारा. दार उघडलं. पाच जणी, मग दोन, मग एक, जोरजोरात हुंदके देणारी. टेलरबाईने प्रत्येक चेहरा निरखून पाहिला आणि लाज वाटून नजर वळवली. दार लागलं. परत उघडलं. आता एकटी मुलगी आली, उंच, चिखलाच्या बुटांची. तिला घ्यायला कोणी नव्हतं. ती भिंतीला टेकून खाली बसली. टेलरबाई पाण्याची बाटली घेऊन तिच्याशेजारी बसली.

"कितवी तुकडी गं?"

"तिसरी. तीन सेकंदांनी गेलं, काकू."

टेलरबाईने बाटली तिच्या हातात दिली. "तिसरीतलं... अजून कोणी यायचंय?"

"नाही. मीच शेवटची, पायात गोळा आला म्हणून बसले होते." मुलीने डोळे पुसले. "एक बारकी होती. तीन फेऱ्या माझ्या मागेच. मला वाटलं, हिचं काही खरं नाही. चौथीत गेली की पुढे! सारखी पुटपुटत होती, बाबांना शिव्या घालत होती बहुतेक. रेष ओलांडली आणि तिथेच ओकली."

टेलरबाईने मान खाली घातली. ओठ आतून घट्ट चावले, पण हसू डोळ्यांत येतच राहिलं, आणि या मुलीला ते दिसून चालणार नव्हतं. फोन परत वाजू लागला. तिने तो न बघता बंद केला, मुलीचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि पोटरीतला गोळा अंगठ्याने हळूहळू मोकळा करायला लागली.

"रड," ती म्हणाली. "मी आहे अजून तासभर."