मानपत्रातली एक ओळ

"आक्का, हात जरा मागे घ्या. फोटोत बरे दिसत नाहीत."

फोटोग्राफर हळूच बोलला, पण आक्काला ते झोंबलं. बावीस वर्षं इस्पितळाच्या चादरी धुऊन बोटांना भेगा पडल्या होत्या. आता ते हात मानाच्या दिवशी लपवायचे म्हणे!

सभागृह गच्च भरलं होतं. जुन्या ग्रंथांतून नवं व्यवस्थापन कसं शिकावं, हे मुख्य कचेरीतून आलेले व्याख्याते तासभर सांगून नुकतेच खाली बसले होते. कर्तव्य करा, फळावर डोळा ठेवू नका. अधीक्षक तर नुसती मान डोलावत होते. निष्काम सेवेचा यंदाचा मान त्यांनी धुलाईखात्यातल्या आक्काला दिला होता.

आक्का बोट ठेवून मानपत्र वाचू लागली. 'कधीही, कोणतीही मागणी न करता...' बोट तिथेच अडलं. अगं बाई! रबरी हातमोज्यांसाठी चार अर्ज केले होते तिने, चारही याच अधीक्षकांच्या हातात दिलेले. हा कागद घेतला की ते अर्ज केलेच नव्हते, असं ठरणार. समोर तिच्याच खात्यात राबणारी धाकटी जाऊ बसली होती, सडलेल्या नखाला चिंधी गुंडाळून.

"साहेब, हे खोटं लिहिलंय."

"आक्का, फळाची आशा धरायची नसते," अधीक्षक ओढूनताणून हसले. "आत्ताच ऐकलंत ना?"

"हातमोजे फळ कुठून झाले हो? फळ म्हणजे हा तुमचा कागद. तो सोडला मी. हातमोजे अवजार आहेत."

मागे खसखस पिकली. आक्का व्याख्यात्यांकडे वळली. "आमचं कर्तव्य सांगितलंत. वरच्या माणसाचं काही लिहिलंय का, की तो सुटला?"

म्हातारे व्याख्याते चष्मा पुसत राहिले. "लिहिलंय, बाई. खरं म्हणजे आधी तेच लिहिलंय."

"मग नेमकं तेवढंच गाळलंत होय?"

तिने मानपत्र टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात पसरून फोटोग्राफरला म्हणाली, "काढ आता." जाऊ उठली, चिंधी सोडून शेजारी येऊन उभी राहिली. मग धुलाईखात्यातल्या उरलेल्या चौघीही आल्या. फोटोग्राफरने अधीक्षकांकडे पाहिलं आणि कॅमेरा खाली घेतला.

दहा मिनिटांत सगळ्या धुलाईघरात परतल्या. चादरींचा ढीग तसाच पडला होता.

"आता काय होणार हो, आक्का?" जावेने घाबरत विचारलं.

"काय व्हायचंय? पाचवा अर्ज. आणि खाली सहा सह्या."

आक्काने बाह्या सरसावल्या आणि ब्लीचच्या पाण्यात उघडे हात घातले.