आठवा पट्टा

ज्ञानदेव न्हावऱ्याहून रोज मोटारसायकलवर शिक्रापूरला जाई. तिथल्या एका कारखान्यात पोलिसांसाठी सुरुंगरोधक गाड्या बनत. बावीस वर्षं वेल्डिंग केलेल्या ज्ञानदेवाकडे आता त्या गाड्यांच्या पोटाखालचे सांधे तपासायचं काम होतं. या गाडीचं पोट सपाट नसतं. जाड पोलादाचे दोन पत्रे उतरते आणून खाली नांगराच्या फाळासारखे टोकाला जोडलेले असतात. सुरुंग फुटला की त्याचा जोर सरळ वर न घुसता दोन्ही अंगांना फाकून जावा, एवढ्यासाठी. टोकावरचा तो सांधा उकलला तर आतल्या माणसांचं काही खरं नाही. म्हणून ज्ञानदेव एकेका सांध्यापाशी अर्धा अर्धा दिवस बसे आणि मन भरल्याशिवाय कागदावर सही करत नसे.

त्याची बायको रंभा. तिचा धाकटा भाऊ सतीश राखीव पोलीस दलात जवान होता आणि बायकोला, सुरेखाला, घेऊन दौंडला राहायचा. पूर्वेकडच्या जंगलात बंदोबस्ताची त्याची पाळी लागली, तशी रंभाच्या घशाखाली घास उतरेना. निरोप घ्यायला सतीश न्हावऱ्याला आला, तेव्हा रंभाला धीर द्यावा म्हणून ज्ञानदेव सगळ्यांदेखत बोलून गेला, "आमच्या गाडीत बसायचं. चाकाखाली चौदा किलोचा सुरुंग फुटू दे, चाक जाईल, माणूस जायचा न्हाई. खुशाल झोप काढ आत."

सतीश हसला. रंभा त्या दिवशी पोटभर जेवली.

चार महिन्यांनी सतीशची गाडी सुरुंगावर गेली. आत आठजण होते. सात वाचले, सतीश एकटा गेला.

दौंडला अंत्यविधीला बंदुकांची सलामी झाली, वंदना झाली. परतणाऱ्या लोकांत कुजबूज होती की गाडीचं पोटच फाटलं म्हणे. सतीशचे दाजी कुठं कामाला आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. ज्ञानदेवाच्या तोंडावर कुणी बोललं नाही. रंभाही नाही. ती सकाळी डबा भरून ओट्यावर ठेवायची आणि आत निघून जायची. त्यानं हाक मारली तर ओ द्यायची, पण आपणहून शब्द काढायची नाही.

कारखान्यात त्यानं गाडीचा नंबर काढून जुने कागद पाहिले. तपासणीच्या रकान्यात त्याचीच सही होती. त्यानंतर चांगला सांधाही त्याला दोन-दोनदा तपासावा लागे.

दीड महिन्यानं ती गाडी ट्रेलरवर लादून तपासणीसाठी कारखान्यात आली. पुढचं एक चाक एक्सलसकट उडालेलं, काचांना जाळी पडलेली, पण जागच्या जागी. प्रतिभा मॅडम तिथल्या इंजिनिअर. घरचंच माणूस गेलंय, तेव्हा हे काम दुसऱ्याला देते, असं त्या म्हणाल्या. ज्ञानदेव ऐकेना. गाडी उचलून घेतली, तसा तो खाली शिरला. सांधा घासून पुसला, त्यावर लाल रंग लावला, तो मुरेपर्यंत थांबला, वरचा रंग पुसला, वरून पांढरी फवारणी केली. कुठं केसाएवढी जरी भेग असती तरी पांढऱ्यावर लाल रेघ उमटली असती. तो वाट पाहत राहिला. रेघ आली नाही. पत्रा आत दबला होता, सांधा शाबूत होता.

मॅडमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दीड महिना छातीवर ठेवलेला धोंडा उतरल्यासारखं त्याला झालं. मग तो गाडीच्या आत चढला.

या गाडीत बाकं जमिनीवर ठोकत नाहीत. छतापासून पट्ट्यांनी टांगतात, म्हणजे खालचा हादरा माणसाच्या मणक्यात चढत नाही. आठही जागा धड होत्या. सात जागांचे कमरेचे पट्टे ताण बसून चुरगळले होते, काही ठिकाणी त्यांची वीण उसवली होती. आठवा पट्टा नव्यासारखा सरळ लोंबत होता. त्या जागेच्या बरोबर वर छताला पोचा होता, आणि त्यावर वाळलेला डाग.

ज्ञानदेवानं तो पट्टा हातात धरून पाहिला; स्फोटाच्या वेळी तो कुणी बांधलेलाच नव्हता.

घरी येऊन त्यानं रंभाला सांगितलं, "सांधा फुटला न्हाई." ती बाजरी निवडत होती. तिनं विचारलं, "मग माझा भाऊ कशानं गेला?" त्याला पट्ट्याचं सांगता आलं नाही.

रविवारी तो दौंडला येशुदासकडे गेला. येशुदास सतीशच्या शेजारीच बसलेला जवान, सुट्टीवर आला होता. स्फोटात त्याचा डावा कान गेला होता, म्हणून ज्ञानदेव त्याच्या उजव्या अंगाला बसला. येशुदासनं आढेवेढे घेतले, चहा मागवला, आणि शेवटी सांगितलं. सहा तासांचा रस्ता होता. छातीवरच्या जाकिटावर पट्टा काचत होता. सतीशनं तो सोडला. बाकीच्यांनी हटकलं, तर तो म्हणाला, "माझ्या दाजींनी तपासलीय ही गाडी. झोप काढा म्हणालेत." आणि खरंच डोळे मिटून बसला. पुढच्या वळणावर गाडी वर उचलली गेली. बाकीचे जागेवर राहिले, सतीश छतावर आपटला. मान तिथंच मोडली.

ज्ञानदेव तिथून सरळ सुरेखाकडे गेला. हे आपणच सांगायला हवं, असं त्यानं ठरवलं होतं. सुरेखानं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यानं सगळं सांगितलं. पट्टा, सतीशचे शब्द, आणि ते शब्द मुळात कुणी त्याच्या कानात घातले ते. काहीही लपवलं नाही.

सुरेखा मग म्हणाली, "मला ठाऊक हाय, दाजी. येशुदासभाऊ पैल्याच आठवड्यात बोलले."

"मग तू कुणाला बोलली का न्हाईस?"

"गाडी फाटली म्हणत हुते लोक, म्हणू दिलं. लोखंडावर राग धरून माझा दिवस जात हुता. तुमच्यावर धरला आस्ता तर ताईंचं घर मोडलं आस्तं." ती पुढं म्हणाली, "तुम्ही खरं बोलून मोकळं झालात. आता म्या राग कुणावर धरू?"

ती आत गेली ती परत बाहेर आली नाही. थोड्या वेळानं तो पेला खुर्चीपाशी ठेवून निघाला.

घरी त्यानं रंभालाही सगळं सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, की सुरेखाला एकटं सोडून चालणार नाही.

आता महिन्यातून एकदा रंभा भावजयीकडे जाते. ज्ञानदेव तिला मोटारसायकलवरून चौफुल्यापर्यंत सोडतो, तिथून ती दौंडची एसटी धरते. सुरेखानं त्याला येऊ नका असं कधी सांगितलं नाही, या असंही नाही. तो चौफुल्यालाच हॉटेलच्या बाकड्यावर बसतो. हॉटेलवाला आता न विचारता चहा आणून ठेवतो. दुपार टळते, दौंडकडून गाड्या येत राहतात, आणि रंभा उतरली की तिच्या हातातली पिशवी घेऊन तो गाडीला किक मारतो. तिकडं काय बोलणं झालं, ते तो विचारत नाही.